पत्र्याच्या गाळ्यात स्ट्रिप कयाक: लाकूड कुठलं, रेझिन कुठलं आणि पावसाळ्याचं काय?

मिठागर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लाकडाच्या पट्ट्या जोडून समुद्री कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, वरून झाकलेली होडी) बांधायची ठरवली आहे. लांबी ५.२ मीटर, रुंदी ५६ सेंमी, साचे (होडीच्या आडव्या छेदाच्या आकाराच्या फळ्या, ज्यांवर पट्ट्या बसतात) ३०० मिमी अंतरावर, पट्टी ६ मिमी जाडीची. नकाशे विकत घेतले आहेत. जागा वसई पूर्वेला, सात बाय तीन मीटरचा गाळा, वर पत्रा, पुढे शटर. वापर गोराई-मनोरीच्या खाडीत आणि वारा पडलेला असेल तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने. टेबल सॉ, राउटर, रंधे आहेत आणि सुतारकामावर हात बसलेला आहे. फायबरग्लास मात्र कधीच केलेलं नाही.

अडलंय ते असं. वखारीत जो तो सागवानच घ्या म्हणतो, पाण्यात टिकतं म्हणून. फायबरचं काम करणारे म्हणतात इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) कशाला, जीपी रेझिन आणि मॅट मारा, बरंच स्वस्तात होईल. सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून आहे, म्हणून तेव्हाच सुरुवात करायचा विचार आहे. या तिन्हींत कुठे चूक होतेय का? आणि पट्ट्या साच्यांवर तात्पुरते स्टेपल मारून बसवाव्यात की बिनस्टेपलच्या?

रंधापटाशी

आधी लाकूड. स्ट्रिप कयाकमध्ये लाकूड आतून-बाहेरून ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि इपॉक्सीत बंद असतं. ताण घेतो तो क्लॉथ. लाकडाचं काम दोन्ही क्लॉथना एकमेकांपासून सहा मिलिमीटर दूर धरायचं आणि आकार द्यायचा, इतकंच. सागाचा पाण्यात टिकायचा गुण इथे वापरलाच जात नाही, वजन मात्र सगळं अंगावर येतं.

हिशेब करून बघा. हल (होडीचा खालचा भाग) आणि डेक (वरचा भाग) मिळून तुमच्या मापाच्या होडीचा पृष्ठभाग साधारण ५ चौरस मीटर. गुणिले ६ मिमी म्हणजे ०.०३ घनमीटर लाकूड. साग घनमीटरला सुमारे ६५० किलो, म्हणजे साडेएकोणीस किलो. वेस्टर्न रेड सीडर सुमारे ३८०, म्हणजे साडेअकरा. क्लॉथ, इपॉक्सी, कोमिंग (बसायच्या भोकाची कड), सीट, हॅच (सामानाच्या कप्प्यांची झाकणं) यांचे आठ-नऊ किलो दोन्हीकडे सारखेच. सीडरची कयाक वीस किलोच्या आसपास बसते आणि एकटा माणूस ती खांद्यावर घेऊन चिखलातून पाण्यापर्यंत जाऊ शकतो. सागाची अठ्ठावीसला जाते. वर सागात तेल असतं. प्रत्येक सांधा आणि पृष्ठभाग असिटोनने पुसल्याशिवाय इपॉक्सी नीट धरत नाही.

मुंबईत सीडर मिळतं. इमारतींच्या क्लॅडिंगसाठी (भिंतींवरच्या आच्छादनासाठी) ते आयात होतं, त्यामुळे रे रोडच्या वखारींत विचारताना ‘क्लॅडिंगचं सीडर’ म्हणून विचारा. तयार खाचा पाडलेल्या फळ्या नकोत, सपाट हव्यात. नाहीच मिळालं तर तूण बघा, ४५० ते ५०० च्या घरात, रंगाला सुंदर लालसर. शिवण साधारण तेवढंच, चिरायला गोड, पण लांब सरळ फळी मिळवायला फिरावं लागतं. काटेसावर वजनाला सीडरसारखं, पण बुरशी आणि कीड फार लवकर धरतं आणि डाग इपॉक्सीखाली कायमचे दिसतात, ते टाळा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन गाठींनी भरलेलं असतं, वाकवताना पट्टी नेमकी गाठीवर तुटते.

किती घ्यायचं: १९ मिमी रुंदीच्या पट्टीने ५ चौरस मीटर झाकायला २७० मीटर पट्टी लागते. तुटफूट आणि रंग जुळवणं धरून ३२० मीटर चिरा. पट्टी ६ मिमी आणि करवतीची वाट अडीच मिमी, म्हणजे १५० मिमी रुंद फळीतून सतरा पट्ट्या निघतात. दहा फुटी सहा फळ्या किंचित कमी पडतात, सात घ्या. घनफुटात सव्वादोन ते अडीच. पातळ पात्याची ब्लेड लावली तर एखादी फळी वाचते. दहा फुटी पट्ट्यांना उताराचा सांधा द्या, एकास आठ: सहा मिमी जाडीला ४८ मिमी लांब उतार. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका.

सीडरच्या भुशाने दम्याचा त्रास होतो, ही नोंद झालेली गोष्ट आहे. चिरताना आणि घासताना नीट बसणारा मास्क, रुमाल नव्हे.

खाडीवारा

रेझिनबद्दल ठाम सांगतो: जीपी रेझिन म्हणजे पॉलिएस्टर, आणि ते लाकडाला टिकाऊ धरत नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, पॉलिएस्टर कडक आणि ठिसूळ. वर्ष-दोन वर्षांत कडेपासून सुटतं, आत खारं पाणी जातं आणि खालचं लाकूड काळं पडतं. फायबरच्या साच्यात होडी काढायची असेल तर ते रेझिन योग्यच आहे, तुमच्या कामाला नाही.

मॅटही नको. तुकड्यातुकड्यांची जी मॅट मिळते तिचे धागे एका बाइंडरने चिकटवलेले असतात आणि तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते, वळणावर बसत नाही, पांढरी दिसते. विणलेला क्लॉथ घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅम, साधी वीण, इपॉक्सीला चालणाऱ्या फिनिशचा. हा भिजला की काचेसारखा पारदर्शक होतो आणि लाकूड जसंच्या तसं दिसतं. एक मीटर रुंदीत तुमच्या हलचा घेर बसतो. हल आणि डेक, आतून आणि बाहेरून, प्रत्येकी साडेपाच मीटर: बावीस मीटर, वर तीन मीटर जास्त. इपॉक्सी हार्डनरसकट दहा किलो धरा.

हार्डनर स्लो मागा. आपल्याकडे सहज मिळणारी बरीच इपॉक्सी १०० ला १० अशा वजनी प्रमाणाची असतात. २०० ग्रॅम रेझिनला २० ग्रॅम हार्डनर. तीन ग्रॅमची चूक म्हणजे पंधरा टक्के चूक. एक ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणं हा मेणचट पृष्ठभागाचा हमखास मार्ग आहे.

आता जून. मान्सून मुंबईत सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं लाकूड सतरा-अठरा टक्के ओलावा धरतं, जानेवारीत अकरा-बारा. सतरा टक्क्यांना इपॉक्सीत बंद केलेली होडी पुढे उन्हात आकसायला बघते आणि पट्ट्यांच्या सांध्यात केसासारख्या भेगा जातात. शिवाय दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर चिकट थर आणतं. त्यावर पुढचा हात धरत नाही.

म्हणून सुट्टीत साचे कापा, स्ट्राँगबॅक (साचे उभे करायचा लांब सरळ पाया) बांधा, हत्यारांना धार लावा. लाकूड आणून गाळ्यात फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवून रचा. चिरणं ऑक्टोबरअखेर, इपॉक्सी डिसेंबर ते फेब्रुवारी.

ओलावा मोजायला मीटर नसेल तर फळीच्या मधून (टोकातून नाही) एक तुकडा कापून वजन करा, घरच्या ओटीजीत १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत मोजत राहा. आधी ५६ ग्रॅम, शेवटी ५० ग्रॅम, म्हणजे ६ भागिले ५०, बारा टक्के. बाराच्या खाली आलं की काम सुरू.

नकाशेवाचक

एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट. साच्यांची फाइल ए-शून्य (A0) आकारात प्रिंट करून घेताना दुकानातला मुलगा ‘पानात बसवा’ निवडतो आणि सगळं दोन-तीन टक्के लहान निघतं. ५६ सेंमीची रुंदी साडेचौपन्न होते आणि कमरेला घट्ट बसणारी कॉकपिट (बसायची जागा) हाती येते. प्रिंट हातात घेतल्यावर नकाशावरची मोजपट्टी आडवी आणि उभी दोन्ही स्टीलच्या पट्टीने मोजा, मगच पैसे द्या.

कागद चिकटवायला फेव्हिकॉल नको, पाण्याने कागद ताणला जातो. स्प्रे गोंद वापरा. साचे एमडीएफचे करू नका, आपल्या हवेत कडा फुगतात. १२ मिमी साधा प्लाय पुरे. साच्यांच्या कडांना ब्राउन टेप लावा, नाहीतर होडी साच्यालाच चिकटते.

उभे करताना साच्याची जाडी नेहमी होडीच्या मध्याकडे, आणि टोकाकडचं तोंड बरोबर रेषेवर. उलट केलंत तर प्रत्येक साच्याचा कोपरा १२ मिमी पुढे येऊन पट्टीला बाहेर ढकलतो आणि हल लाटालाटांचा दिसतो. मधोमध दोरा ताणा, प्रत्येक साच्याची मध्यरेषा दोऱ्याखाली आणा, ओळंब्याने तपासा. इथे अर्धा दिवस जास्त गेला तर जाऊ द्या.

मिठागर

फार उपयोगी. जूनचा बेत बदलला, पॉलिएस्टर बाद. सीडरची चौकशी उद्यापासून. राउटरला एक कड गोल आणि दुसरी खोल करायचे बिट्स बसवू की रंध्याने उतार काढू? आणि स्टेपलचं राहिलं.

रंधापटाशी

राउटर आहे तर बिट्स घ्या, पाव इंची जोडी. गोल कड खोल कडेत बसते आणि हलच्या वळणावर फट पडत नाही. फेदरबोर्ड (पट्टी दाबून धरणारी दातेरी फळी) लावल्याशिवाय पट्टी राउटरमधून काढू नका, थरथरते आणि खोल कडेचे ओठ तुटतात. आधी सगळ्या पट्ट्यांची गोल कड काढा, मग खोल. उलट क्रमाने नाजूक ओठ पुन्हा गाइडवर घासले जातात. बसवताना खोल कड वर ठेवा, गोंद त्यात ओघळ न येता राहतो. तळाशी शेवटच्या पट्ट्यांना मात्र रंध्यानेच उतार काढावा लागेल, तिथे पट्टी टोकाला निमुळती होत जाते.

गोंद म्हणून फेव्हिकॉल मरीन पुरेसा आहे. क्लॉथ चढेपर्यंत सांधा धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा. सुकलेला गोंद इपॉक्सी पिऊ देत नाही आणि तिथे फिकट डाग राहतो.

पहिली पट्टी डेक-हलच्या सांध्याच्या रेषेवर. तिला प्रत्येक साच्यावर खुणेला जबरदस्तीने आणू नका. टोकाला उभं राहून एक डोळा मिटून पट्टीवरून नजर टाका. वळण सलग दिसत असेल आणि एखाद्या साच्यावर दोन मिमी वर-खाली असेल तर चालेल. पट्टी खुणेला नेमकी आणि नजरेला वाकडी असली तर ती वाकडीच. मग एकदा डावीकडे एक, एकदा उजवीकडे एक. एका बाजूला चार-पाच पट्ट्या चढवून ठेवल्या की साचे तिकडे झुकतात.

नाळेजवळ (होडीच्या टोकाशी) पट्टीला पीळ पडतो. हीट गनने अर्धा मीटर लांबी गरम करा, पिळा, गार होईपर्यंत धरा. डेकच्या घट्ट वळणावर १९ ऐवजी १० मिमीच्या पट्ट्या.

स्टेपल माझ्या मते मारा. बिनस्टेपलमध्ये प्रत्येक जोडीला गोंद सुकेपर्यंत थांबावं लागतं. रोज दोन-तीन जोड्या, म्हणजे नुसत्या हललाच दीड-दोन आठवडे. स्टेपलखाली पॅकिंगच्या प्लास्टिक पट्टीचा तुकडा ठेवा, काढताना लाकडावर वण उठत नाही. घासण्याआधी शेवटचा स्टेपलसुद्धा निघाला पाहिजे, राहिलेला खाऱ्या पाण्यात गंजतो.

वल्हेवाला

स्टेपलबद्दल रंधापटाशींशी सहमत नाही. सीडर मऊ असतं, प्रत्येक साच्यावर प्रत्येक पट्टीला दोन भोकं, म्हणजे पूर्ण होडीत दीड हजाराच्या वर काळे ठिपके, आणि ते पारदर्शक क्लॉथखालून सगळे दिसतात. जुन्या सायकल ट्यूबा उभ्या कापून लांब पट्ट्या करा. साच्याच्या खालच्या बाजूला भोक पाडून त्यातून ओवा आणि पट्टीवरून ताणून बांधा. दाब सारखा पडतो, भोक एकही नाही. नाळेजवळ पीळ असतो तिथे चार स्टेपल मारायला हरकत नाही. मिठागर यांच्याकडे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरअखेर असे दोन महिने आहेतच, घाई कशाची?

पॉलिशवाल्याने मेलामाइन सुचवलं तर नको म्हणा. ते घरातल्या फर्निचरसाठी. इपॉक्सी सूर्याच्या अतिनील किरणांनी पिवळी पडून खडूसारखी होते, म्हणून वर अतिनीलरोधक व्हार्निश किंवा दोन भागांचं बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन), चार ते पाच हात.

खाडीवारा

क्लॉथच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण लाकडातली चूक दुरुस्त होते, ही होत नाही.

आधी घासणं. पट्ट्यांचे कोपरे लहान रंध्याने उतरवा, मग ४०-५० सेंमी लांब, किंचित वाकणाऱ्या फळीला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून तिरकं घासा. गोल फिरणारं सँडर मऊ लाकडात खड्डे पाडतं, ते शेवटी १२० ला वापरा. दिवे बंद करून बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरा, उंचवटे सावल्यांनी दिसतात. जाडी पाचच्या खाली जाऊ देऊ नका. शेवटी एकदा ओल्या फडक्याने सगळं पुसा: राहिलेला गोंद फिकट दिसतो, हत्यारांचे दाब फुगून वर येतात. मग दोन दिवस सुकू द्या.

वेळ संध्याकाळची. सकाळी पत्रा तापायला लागतो, लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे वर येतात. तापमान उतरत असताना लाकूड उलट इपॉक्सी आत ओढतं. चार-साडेचारला पत्र्याचा ताप ओसरू लागला की सुरू करा. शटर अर्धं वर, पंखा बंद. कार्बन काडतुसांचा मास्क आणि नायट्राइल हातमोजे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की जात नाही.

पहिला पातळ हात क्लॉथशिवाय. लाकडाची भूक त्यात भागते, नाहीतर ते क्लॉथमधली इपॉक्सी शोषतं आणि पांढरट कोरडे चट्टे राहतात. दुसऱ्या दिवशी हलकं घासून, पुसून, क्लॉथ अंथरा, हाताने मध्याकडून टोकांकडे सपाट करा.

एका वेळी २०० ग्रॅमच मिश्रण. दोन मिनिटं ढवळा, तळ आणि कडा खरवडत. मग कपात ठेवू नका, लगेच हलच्या मध्यावर ओता. इपॉक्सी कपात साठली की स्वतःच्या उष्णतेने तापते. तीस अंशांच्या हवेत पंधरा-वीस मिनिटांत धूर येऊन दगड होतो. दर दहा अंशांना कामाचा वेळ साधारण निम्मा होतो, जानेवारीचा अंदाज मे महिन्यात लावू नका. प्लास्टिकच्या पट्टीने मध्याकडून कडेला ओढा. पारदर्शक, वीण दिसणारा, मंद चकाकीचा पृष्ठभाग बरोबर. पांढुरकं म्हणजे कमी. आरशासारखं चकाकतं तिथे जास्त, क्लॉथ तरंगतोय. जादा इपॉक्सी ओढून काढा.

वीण भरायचे दोन हात त्याच रात्री आणि पहाटे, आधीचा हात नख रुतण्याइतका मऊ असतानाच. तेव्हा रासायनिक जोड बसतो, घासावं लागत नाही. उशीर झाला आणि चिकट थर आला तर साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुवा, मग घासा. थिनरने पुसलंत तर तो थर निघत नाही, नुसता पसरतो. आणि न धुता घासलंत तर पेपर भरतो आणि थर आत दाबला जातो.

तुमच्या खाडीत खडकांवर कालवं आहेत. त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. तळाच्या मधल्या रेषेवर आणि दोन्ही टोकांना ५० मिमीची जादा पट्टी तिरक्या विणीने, दोन थर.

मिठागर

साच्यावरून उतरवल्यावर आतलं काम लगेच करावं लागतं का? पाडव्यापर्यंत थांबलं तर?

खाडीवारा

नाही. फक्त बाहेरून क्लॉथ असलेला हल म्हणजे एका बाजूने मोकळं लाकूड. आतली बाजू ओलावा घेऊन फुगते, बाहेरचा क्लॉथ हलत नाही, आणि हलच्या कडा बाहेर पसरतात. मग डेक जुळत नाही. उतरवल्या दिवसापासून आठवड्याच्या आत आतला क्लॉथ चढवा, तोपर्यंत कडांना मूळ रुंदीवर आडव्या काड्या आणि दोऱ्या बांधून ठेवा. आत गोल कडेच्या खरवडणीने खरवडा. वीण भरायची गरज नाही, खडबडीत राहू द्या, पाय घसरत नाहीत आणि वजनही वाचतं.

जोडायला ७५ मिमीची ग्लास टेप. हल आणि डेक बाहेरून पॅकिंग टेपने घट्ट बांधून होडी कुशीवर टेकवा. ग्लास टेप फळीवर पूर्ण भिजवा, गुंडाळी करा आणि लांब काठीला बांधलेल्या ब्रशने सांध्यावर उलगडत न्या. ती बाजू सुकल्यावर दुसऱ्या कुशीवर. नंतर बाहेरूनही टेप.

पुढे-मागे बल्कहेड (होडीच्या आतल्या आडव्या भिंती) बसवायला विसरू नका, त्या हवाबंद कप्प्यांवरच उलटलेली कयाक तरंगते. प्रत्येक बल्कहेडला वरच्या बाजूला दोन मिमीचं एक भोक ठेवा. गाडीच्या टपावर उन्हात आतली हवा तापून फुगते, मग गार पाण्यात होडी टाकली की आकसते आणि हॅचच्या रबरातून पाणी आत ओढते. त्या भोकाने दाब सारखा राहतो आणि आत पाणी आलंच तर थेंबथेंबच.